जातं, अडकित्ता आणि पटाशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी सात-आठ वर्षांचा असेन. वडील बैल घ्यायला निघाले होते आणि मी हट्ट करून त्यांच्याबरोबर गुरांच्या बाजाराला गेलो. सगळीकडे धूळ, हंबरणं आणि घुंगरांचा आवाज. व्यापारी उपरण्याखाली हात झाकून बोटांच्या खुणांनी भाव करत होते. वडिलांना एक पांढरा खिलार बैल पसंत पडला. त्यांनी त्याची चाल बघितली, खूर बघितले, वशिंड चाचपलं. पण कनवटीला हात घालण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. एका हातानं वेसण धरली, दुसऱ्या हातानं बैलाचा खालचा ओठ खाली ओढला आणि त्याचे दात मोजले.

"चौसा आहे," ते म्हणाले आणि मगच बोलणी पुढे सरकली.

शेतकऱ्याच्या घरात ही भाषा सगळ्यांना कळते. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. पुढचे दोन पक्के दात आले की दुसा. चार आले की चौसा. मग सहादाती, आणि आठही दात आले की बैल जुळला. आपल्याकडच्या जनावरात दुसा होतो तो साधारण दोन-अडीच वर्षांचा आणि जुळतो तो साडेचार-पाच वर्षांचा. जन्माचा दाखला नसलेल्या जनावराचा दाखला त्याच्या तोंडात असतो.

मी मात्र टाचा उंचावून त्या तोंडात बघितलं आणि घाबरलो. "दादा, ह्याचे वरचे दात कुणी काढले?" मी मोठ्यानं विचारलं. आजूबाजूचे सगळे हसले. व्यापारी म्हणाला, "बाळा, गुराला पुढचे वरचे दात नसतातच. ना ह्याला, ना तुमच्या घरच्या गाईला." माझा विश्वास बसेना. घरी गेल्या गेल्या गोठ्यात शिरून मी आमच्या कपिलेचं तोंड उघडून बघितलं. खरंच नव्हते.

पुढे मी गुरांचा डॉक्टर झालो. चौतीस वर्षं गावोगावच्या गोठ्यांत हिंडलो आणि अगणित तोंडांत हात घातला. लहानपणीचा तो प्रश्न शिकताना सुटला. नोकरीच्या उत्तरार्धात एका मावशींनी मला दुसरा प्रश्न विचारला. तो मी शेवटी सांगणार आहे, कारण पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्याचं कळत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. माणसाच्या संसारात असं होतं. रानात हे फार काळ चालत नाही. ज्याचे दात मिळणाऱ्या अन्नाला उपयोगाचे नाहीत, त्याचं पोट भरत नाही, आणि त्याची पिल्लंही मागे राहत नाहीत. लाखो वर्षं ही चाळणी फिरत राहिली आणि प्रत्येक प्राण्याच्या तोंडात त्याच्या जेवणाला जुळणारी अवजारं उरली. ती ओळखायला फार लांब जायला नको. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात आणि सुताराच्या पेटीत ती सगळी आहेत.

स्वतःला टाकी लावणारं जातं

गाय गवत कशी खाते ते कधी जवळून बघा. ती आपल्यासारखी घास तोडत नाही. लांब, खरखरीत जीभ बाहेर काढते, गवताच्या जुडीभोवती तिचा वेढा घालते आणि जुडी आत ओढते. वर दात नसतात, पण हिरडीची एक जाड, कठीण गादी असते. खालचे आठ दात त्या गादीवर दाबून ती गवत पकडते आणि मानेला हिसडा देऊन तोडते. म्हणजे हे विळ्यानं कापणं नव्हे, मूठ भरून ओरबाडणं आहे. दिवसभरात मणभर चारा गोळा करायचा तर ही पद्धत सोयीची. एकेक पात निवडत बसायला तिला सवड नसते.

पुढच्या दातांमागे बरीच मोकळी जागा असते. जनावराला औषध पाजताना आम्ही तिथूनच बोटं आत घालतो. त्या जागेच्या मागे दाढा. वर-खाली, डावी-उजवीकडे प्रत्येकी सहा, म्हणजे एकूण चोवीस. खरं काम इथं होतं आणि हे काम जात्याचं आहे.

ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना आठवत असेल, काही महिने दळलं की जात्याची पाळ गुळगुळीत व्हायची. मग पीठ जाडंभरडं पडायचं. पाथरवट यायचा आणि छिन्नी-हातोडीनं टाकी लावून पाळ पुन्हा खरखरीत करून द्यायचा. गवत दळायला तर जातं फारच खरखरीत लागतं. गवताच्या पात्यात वाळूच्याच जातीची सिलिका असते. भाताच्या पेंढ्यातून हात ओढला तर कातडी सोलते ती त्यामुळेच. शिवाय चाऱ्याबरोबर धूळमाती जाते ती वेगळीच. असं दळण रोज दळलं तर दाढा गुळगुळीत व्हायला हव्यात, आणि गाईकडे काही पाथरवट येत नाही.

तिच्या दाढेची रचनाच अशी आहे की टाकी आपोआप लागते. आपल्या दातावर कठीण लुकण, म्हणजे एनॅमल, टोपीसारखं वरून बसवलेलं असतं. ती टोपी झिजली की आपल्याला दंतवैद्य गाठावा लागतो. गाईच्या दाढेत हे लुकण उभ्या घड्या घालून आतपर्यंत गेलेलं असतं आणि घड्यांच्या मधे दोन मऊ पदार्थ भरलेले असतात. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग सावकाश. त्यामुळे दाढेवर कायम धारदार कंगोरे उभे राहतात. जितकं दळावं तितकं जातं ताजं.

जातं फिरतं आडवं. गाईचा जबडाही आडवाच फिरतो. रवंथ करणाऱ्या गाईसमोर उभं राहून बघा. खालचा जबडा एका बाजूला जातो, वर येतो आणि घासत मधे सरकतो. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून एका वेळी ती एकाच बाजूनं चावते. जबड्याचा सांधाही दातांच्या ओळीपेक्षा बराच वर, कानाच्या बाजूला असतो. त्यामुळे तोंड मिटताना सगळ्या दाढा जवळपास एकाच वेळी एकमेकींवर टेकतात. दोन तळ्या सपाट एकमेकींवर आल्याशिवाय दळण होत नाही.

तुम्हीही एक प्रयोग करून बघा. दोन बोटं कानशिलावर ठेवा आणि दात आवळा. कातडीखाली एक स्नायू फुगलेला जाणवेल. आता बोटं गालाच्या मागच्या भागावर, जबड्याच्या कोपऱ्यावर आणा आणि पुन्हा दात आवळा. तिथं दुसरा स्नायू आहे. चारा खाणाऱ्या जनावरात हा गालावरचा स्नायू जोरदार असतो, कारण जबडा आडवा फिरवायला तोच कामाला येतो. शिकारी प्राण्यात कानशिलावरचा स्नायू मोठा असतो. आपल्यात दोन्ही बेताचे.

गाईबद्दल एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. चरताना ती घास जेमतेम चावते आणि गिळते. मग सावलीत बसून पोटातला चारा गोळ्यागोळ्यानं तोंडात परत आणते आणि सावकाश दळते. दिवसाचे सहा ते आठ तास तिचे या रवंथात जातात. म्हणजे अन्नाची नीट तपासणी पोटात गेल्यानंतर होते, आधी नाही.

घोड्याची गोष्ट वेगळी. त्याला वरचेही पुढचे दात असतात आणि तो गवत बुडाशी कातरून खातो. तो रवंथ करत नाही, म्हणून जे काही दळायचं ते पहिल्याच वेळी दळावं लागतं. त्याच्या दाढा लांबलचक असतात. त्यांचा बराचसा भाग हाडात दडलेला असतो आणि झीज होईल तसा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक टांगेवाला घोडा घेऊन आला होता. घोडा खंगत चालला होता. मालकानं हरभरा वाढवला, गूळ दिला, जंताचं औषध झालं. तरी लीदेत हरभरे अख्खेच्या अख्खे पडत होते आणि अर्धवट चावलेले चाऱ्याचे बोळे तोंडातून खाली गळत होते. तोंड उघडून बघितलं तर दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या आणि गाल आतून सोलून निघाले होते. तबेल्यात उभ्या घोड्याला रानातल्यासारखं दिवसभर चरायला मिळत नाही आणि दाढा वाकड्या झिजतात. लांब दांड्याच्या कानशीनं त्या कडा घासून काढल्या. महिन्याभरात घोडा भरला. मालकाचे चणे चांगले होते, घोड्याचे दातही होते, फक्त दोन्ही जुळत नव्हते.

अडकित्ता

आता दुसरं अवजार. सुपारी फोडताना आपण ती अडकित्त्यात कुठं धरतो? टोकाशी धरली तर निसटते. आतल्या बाजूला, खिळ्याजवळ सरकवली की कट्कन फुटते, कारण तिथं जोर जास्त मिळतो. कुत्र्याला हाड चघळताना बघा. मान वाकडी करून तो हाड तोंडाच्या एका बाजूला, अगदी मागे नेतो. तिथं त्याचा अडकित्ता असतो. वरची एक आणि खालची एक अशा दोन पातीदार दाढा, कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जाणाऱ्या. मांसाहारी प्राण्यांची ही खूण आहे. त्यांच्या जबड्याचा सांधा दातांच्याच पातळीवर असतो, म्हणून तोंड मिटताना दात कात्रीसारखे मागून पुढे मिटत येतात.

मांजराच्या तोंडात हा अडकित्ता आणखी पक्का बसवलेला आहे. तिच्या जबड्याचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा आहे. जबडा वर-खाली होतो, आडवा जवळपास फिरतच नाही. त्यामुळे मांजर दळू शकत नाही. तुकडे करायचे आणि गिळायचे, एवढंच तिला येतं. दातही तीसच. कुत्र्याला बेचाळीस असतात आणि त्यातल्या पातीदार दाढेच्या मागच्या दाढा थोड्या सपाट असतात, म्हणून तो भाकरीही चावतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं आढळलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर राहून त्याचं पोट बदललं. दातांची संख्या आणि मांडणी मात्र अजून लांडग्याचीच आहे.

मांजराचं पोटही बदललेलं नाही. शाकाहारी घरात मांजर पाळणारी मंडळी मला विचारतात, "आम्ही तिला दूधभात देतो, ती आनंदानं खाते, मग काय हरकत आहे?" हरकत आहे. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो तिला मांस, मासे यांतूनच मिळवावा लागतो. दीर्घकाळ मिळाला नाही तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. ज्याच्या तोंडात फक्त अडकित्ता आहे, त्याला पीठ दळून खाण्याची सक्ती करू नये. घरात मांस आणणं जमत नसेल तर मांजरासाठी खास तयार केलेलं खाद्य बाजारात मिळतं, ते द्यावं.

शिकारी प्राण्याचे पुढचे सुळे मात्र कापायला नसतात. ते पकडायला असतात. भक्ष्याचा गळा धरून ठेवायचा आणि ते निपचित होईपर्यंत सोडायचं नाही, हे सुळ्याचं काम. सुळा गेला की वाघाची रोजीरोटी गेली. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये कुमाऊंमधल्या चंपावतला एक नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडल्यावर कॉर्बेटना दिसलं की उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आहेत, वरचा अर्ध्यात आणि खालचा थेट हाडापाशी. जुन्या बंदुकीच्या गोळीची ती जखम होती. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असं त्यांनी लिहून ठेवलं. प्रत्येक नरभक्षकाच्या मागे दुखरा दातच असतो असं नाही. पण एका दाताची किंमत किती असते, हे त्या वाघिणीनं दाखवून दिलं.

पटाशी

तिसरं अवजार सुताराचं. उंदीर, घूस, खार, आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू या सगळ्यांना पुढे वर दोन आणि खाली दोन असे लांब, वाकडे दात असतात. त्यांना पटाशी म्हणावं. सुताराला पटाशी दगडावर घासावी लागते, उंदराला लागत नाही. त्याच्या दाताच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण लुकण असतं, मागची बाजू मऊ असते. मागची बाजू आधी झिजते आणि पुढे पातळ धार उरते. हा दात जन्मभर वाढतो, उंदरात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासून ती वाढ झिजवली जाते. एखाद्याचा जबडा वाकडा असला आणि दात समोरासमोर आले नाहीत, तर ते कमानीसारखे वाढत जातात आणि भरल्या कोठारात तो उपाशी मरतो.

यातली एक बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पटाशीच्या मागे मोकळी जागा असते. कुरतडताना उंदीर ओठांच्या आणि गालांच्या घड्या त्या जागेत आत घेऊन मागचं तोंड बंद करू शकतो. भुसा बाहेर पडतो, घशात जात नाही. म्हणून उंदीर प्लास्टिकचा डबा कुरतडून आतले दाणे खातो, पण डबा खात नाही. तोंडालाच चौकट आणि दार दोन्ही आहेत.

हत्तीचे खायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपण माणसांबद्दल बोलताना म्हणतो. हत्तीबद्दल ते अक्षरशः खरं आहे. दाखवायचे सुळे म्हणजे त्याचे वाढलेले पुढचे दात. खायच्या दाढा आत असतात, विटेएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या, आणि एका वेळी प्रत्येक बाजूला वर एक, खाली एक अशाच मुख्यतः कामात असतात. पुढची झिजली की तिचे तुकडे पडतात आणि मागून नवी सरकत येते. जन्मभरात प्रत्येक जागी अशा सहा दाढा येतात, सातवी येत नाही. सहावी झिजायला लागते तेव्हा हत्ती साठीच्या आसपास असतो. रोज दीड-दोनशे किलो चारा दळणारं ते जातं मग थांबतं. म्हातारा हत्ती पाणथळ जागचं कोवळं गवत शोधत राहतो. पुढे तेही चावेनासं होतं. शिकारीतून आणि रोगातून वाचलेल्या रानातल्या हत्तीचं आयुष्य बहुधा त्याच्या शेवटच्या दाढेएवढंच असतं.

आणि आपण? आपल्या तोंडात थोडी पटाशी, नावापुरता सुळा आणि बेताचं जातं आहे. कशातच आपण पटाईत नाही. पण माणसानं एक युक्ती केली. त्यानं दातांचं काम तोंडाबाहेर काढलं. चूल पेटवून अन्न मऊ केलं, विळीनं चिरलं, पाट्यावर वाटलं, जात्यावर दळलं. आपला निम्मा जबडा स्वयंपाकघरात मांडलेला आहे. तोंडातला जबडा त्यामुळे लहान होत गेला, इतका की अक्कलदाढेला पुष्कळदा जागाच उरत नाही. अन्न बदललं तरी आपलं निभावलं, कारण अवजारं आपल्या हातात होती. आपल्या दारातल्या जनावरांचंही अन्न आपण बदललं. त्यांच्या हातात मात्र काही नव्हतं.

मावशींचा प्रश्न

आता त्या मावशींकडे येतो. शहराच्या कडेला, जुनं गाव वस्तीत बुडून गेलेलं. मावशींकडे एकच गाय होती. गायरान संपलं होतं, म्हणून ती दिवसभर मोकळी हिंडायची आणि संध्याकाळी घरी येऊन दूध द्यायची. त्या दुधावर दोन नातवंडांच्या शाळेचा खर्च चालत होता. गाईनं चारा सोडला, रवंथ बंद झाला, डावी कूस फुगली. मावशींनी आधी गावठी उपाय केले आणि आठ दिवसांनी मला बोलावलं. मी कुशीवर हात दाबला. पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी हाताला लागलं.

कूस उघडली. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून मी पिशव्या काढत गेलो. दुधाच्या, किराणाच्या, मिठाईच्या दुकानातल्या. एकमेकींत गुंतून त्यांचा दोरखंड झाला होता. दोन घमेली भरली. एका पिशवीची गाठ अजून तशीच होती आणि आत कुणाच्या तरी घरची भाजी होती. शेवटी हाताला एक वाकडी तार लागली.

बाजूला उभ्या मावशी घमेल्यांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मुक्या जनावराला एवढंही कळू नये का, काय खावं अन् काय नाही?"

मी तेव्हा हात धुतले आणि गप्प राहिलो. चौथ्या दिवशी गाय गेली. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच वेळी माहीत होतं, पण त्या घमेल्यांसमोर मला ते सांगता आलं नाही. आज सांगतो.

मावशी, तिला कळतं. कुठलं गवत कडू आणि कुठलं विषारी, हे तिचं नाक आणि जीभ बऱ्यापैकी ओळखते. पण गाठ मारलेल्या पिशवीतून तिला भाजीचा वास आला. शेळी असती तर तिनं नाजूक, हलत्या ओठांनी निवडानिवड केली असती. बाभळीच्या काट्यांमधून ती पाला वेचते, ते तुम्ही बघितलंच असेल. उंदीर असता तर त्यानं पिशवी कुरतडून भाजी खाल्ली असती. कुत्रा असता तर त्यानं पंजानं पिशवी दाबून धरून सुळ्यानं ती फाडली असती. गाईकडे ना पंजा, ना सुळा, ना वरचे दात. तिला पिशवी सोडता येत नाही, फाडता येत नाही. जीभ वेढा घालते आणि मूठभर गवतासारखी सगळी पिशवी आत ओढते. तिच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत गेलेली वस्तू थुंकून टाकणं अवघड. आणि चावणं तर ती नंतरसाठी ठेवते.

पोटात गेलेलं प्लास्टिक दळलं जात नाही, कुजत नाही. पहिल्या कप्प्यातून पुढे जायची वाट बारीक आहे, तिथून फक्त दळलेलाच चारा जातो. पिशवी तिथंच राहते आणि तिच्यावर दुसरी चढते. जागा व्यापते, म्हणून गाईला पोट भरल्यासारखं वाटतं आणि ती भरल्या पोटी उपाशी राहते. तार, खिळा असलं जड काही गेलं तर ते जाळीदार दुसऱ्या कप्प्यात बसतं. तो कप्पा आणि हृदय यांच्यामधे जेमतेम एक पडदा असतो. कप्पा आकसला की तार पुढे सरकते आणि कधीकधी थेट हृदयापर्यंत पोचते. आम्ही अशा जनावरांच्या पोटात लोहचुंबक सोडतो, तो तारा-खिळे धरून ठेवतो. प्लास्टिकवर मात्र चुंबक चालत नाही.

२०१८ मध्ये आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरी उकिरड्यावर जाऊन बघा, पिशव्या दिसतातच. कायद्याची वाट न बघता घरात करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. उरलंसुरलं अन्न पिशवीत घालून, गाठ मारून टाकू नका. गाईला द्यायचंच असेल तर पाटीत किंवा टोपल्यात मोकळं ठेवा, तेही थोडंच. शिळा भात, पोळ्या ढिगानं खाऊनही तिच्या पोटात आम्लता वाढते आणि त्यानं गाय मरू शकते. तिच्या तोंडातलं जातं गवतासाठी आहे. आणि तार, खिळे, ब्लेडची पाती वेगळ्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या.

वडिलांनी त्या दिवशी तो खिलार बैल घेतला. पुढे चौदा वर्षं तो आमच्याकडे होता. शेवटी शेवटी त्याचे दात झिजून खुंट झाले होते. तेव्हा वडील त्याच्यासाठी कडबा बारीक कापायचे, पेंड भिजत घालायचे आणि स्वतःच्या हातानं पुढे ठेवायचे. "ह्याचे दात आता आपणच," असं म्हणायचे. पशुवैद्यकाच्या कुठल्याच पुस्तकात मला याहून सोपं वाक्य सापडलं नाही. जनावर दारात बांधलं किंवा मोकळं सोडलं, तरी त्याच्या तोंडात नसलेल्या दातांची जबाबदारी आपली असते. पुढच्या वेळी पिशवीला गाठ मारताना तेवढं आठवा.